तडजोडीच्या सहीने दावा संपत नाही



यंत्रात बोटे गमावलेल्या कामगाराने ठेकेदाराच्या तडजोडपत्रावर सही केली की दावा संपला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे साफ चुकीचे आहे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) नसलेल्या कामगारांसाठी २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या भरपाई कायद्यानुसार, भरपाई आयुक्तांकडे नोंद नसलेला आणि हक्क सोडायला लावणारा करार रद्दबातल ठरत असे. काम ठेकेदाराचे असले तरी मूळ मालक सुटत नसे. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे संरक्षण आहेच.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कित्येक जण गप्प बसतात, याची चीड येते. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि दिव्यांगांना १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. दवाखान्याचे कागद व हजेरीचा पुरावा जपा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा आणि अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा.

– एक वाचक, भिवंडी