‘घोडो’ ही चूक नव्हे

रुग्णालयातून आलेल्या अहवालात एक ओळ होती : ‘नामोच्चारणात अंत्य स्वराची वारंवार चूक, उदा. घोडा – घोडो, आंबा – आंबो.’ त्याखाली गुण होते आणि गुणांखाली निष्कर्ष : वाचाघात, तीव्र स्वरूपाचा. अहवालावरची सही माझी नव्हती, पण याचे समाधान मला फार वेळ मानता आले नाही. सही करणारी व्यक्ती ज्या अभ्यासक्रमातून बाहेर पडली, त्यातूनच मीही बाहेर पडले आहे. त्या दिवशी त्या खोलीत तिच्या जागी मी असते, तर बहुधा मीही तेच लिहिले असते.

ज्यांच्याविषयी ही ओळ लिहिली गेली, ते आजोबा मूळचे मालवण तालुक्यातले. ऐन विशीत मुंबईला आले, गिरणीत साच्यांवर उभे राहिले, १९८२ च्या संपानंतर पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि उभा जन्म लालबागच्या एकाच चाळीत काढला. पक्षाघाताच्या झटक्याने उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. ‘गेली’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण वाचाघातात ती क्वचितच पूर्ण जाते. मेंदूच्या, बहुतेकांत डाव्या, अर्धगोलातील भाषेचे प्रदेश रक्तावाचून जायबंदी होतात; शब्द आतच कोठेतरी अडकून पडतात, भलतेच शब्द ओठांवर येतात, ऐकलेले वाक्य हातातून निसटते. माणूस मात्र शाबूत असतो, आणि आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्याला बहुतेक वेळा पुरते ठाऊक असते.

आता त्या ‘चुकी’कडे पाहू. मालवणीत प्रमाण मराठीतील आकारान्त पुल्लिंगी नामे ओकारान्त होतात. घोडा हा घोडो, आंबा हा आंबो, बांगडा हा बांगडो. म्हणजे पक्षाघाताने उद्ध्वस्त झालेल्या मेंदूने केवळ नाम शोधून काढले नव्हते, तर त्याचे लिंग जाणून त्याला आपल्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे अचूक प्रत्ययही लावला होता. ज्याला शाबासकी द्यायची, त्याचे गुण कापले गेले. मुलाचे चित्र पाहून आजोबा ‘झील’ म्हणाले, तेव्हा ‘निरर्थक शब्द’ अशी नोंद झाली. माशाच्या चित्रापुढे ते मान हलवत गप्प राहिले, तेव्हा ‘प्रतिसाद नाही’. ते रेखाचित्र मी नंतर पाहिले. तो मासा ना बांगडा होता, ना पापलेट, ना सुरमई. जगातल्या कोणत्याही बाजारात न मिळणाऱ्या माशाला कोकणातल्या माणसाने काय म्हणावे, अशी अपेक्षा होती?

आमच्या विद्येचा इतिहासच या गोंधळाशी जोडलेला आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून मेंदू आणि वाणी यांचा संबंध मांडला, तो रुग्ण त्याआधी सुमारे एकवीस वर्षे रुग्णालयातच राहत होता. त्याच्या तोंडून प्रायः ‘तां’ एवढेच अक्षर निघे, म्हणून तेथे त्याचे नावच ‘तां’ पडले. शास्त्राला त्याचा मेंदू मिळाला. त्याच्या घरात कोणते शब्द बोलले जात, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. पुढे चाचण्या आल्या. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली, जगभर वापरली गेलेली बोस्टन नामोच्चारण चाचणी साठ रेखाचित्रांची आहे. तीत प्रेट्झेल नावाचा खारा पाव आहे, बीव्हर आहे, बर्फाचे इग्लू आहे. अशा चाचण्या आपल्याकडे आणताना बीव्हर वगळण्याइतके भान आपल्याला आले. परंतु बीव्हरच्या जागी जो घोडा बसवला, तो मात्र पुणेरी निघाला. परकी चाचणी रुग्णाला अमेरिकन समजते आणि ‘आपली’ चाचणी त्याला सदाशिवपेठी समजते. लालबागच्या आजोबांना दोन्ही सारख्याच परक्या.

हे सर्व मला कळले, ते मी त्यांच्या घरी जाऊ लागले म्हणून. येथे ‘घरी जाणे’ या शब्दाचा नीट विचार केला पाहिजे, कारण हल्ली त्याचाही धंदा झाला आहे. औषधे घरपोच, किराणा घरपोच, तसा वाचोपचारही घरपोच. पंचेचाळीस मिनिटांचे सत्र, पिशवीत चित्रांचा गठ्ठा, शेवटी नातेवाइकांची सही. मीही पहिले काही दिवस हेच केले. रुग्णालयातली खोली पिशवीत भरून दहा बाय बाराच्या खोलीत उघडली आणि आजोबा तिच्यासमोर रुग्णालयात बसले होते तसेच बसले. दवाखाना उचलून घरी नेणे म्हणजे घरी जाणे नव्हे. घरी गेल्यावर घराचे ऐकावे लागते. मी ऐकायला लागले, ते सत्र संपल्यावर. चित्रे पिशवीत गेली होती, आजींनी पेज पुढे केली आणि आजोबा स्वच्छ म्हणाले, “नको माका.” दोन शब्द, योग्य अर्थ, योग्य विभक्ती. माझ्या नोंदवहीत त्या दिवशीच्या रकान्यात भोपळा होता.

ती पेज हाही या युक्तिवादाचा भाग आहे. वाचोपचार तज्ज्ञाचे काम बोलण्यापुरते असते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. गिळण्याच्या दोषांवरील उपचारही आमच्याकडेच असतात, आणि पक्षाघातानंतर गिळणे बिघडले तर अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, जो प्राणावर बेतू शकतो. घरी पाठवताना कागदावर ‘मऊ आहार’ असे लिहिले होते. कोकणी घरात पेजेहून मऊ काय असणार? पण पेज म्हणजे पातळ पाणी आणि त्यात तरंगणारी शिते. शिते तोंडात घोळवली जात असतानाच पाणी पुढे निसटते आणि घसा सावध होण्यापूर्वीच श्वासाच्या वाटेला लागते. दुबळ्या घशाला असे दुहेरी अन्न फार अवघड. आजींनी कागदावरचा सल्ला प्रामाणिकपणे पाळला होता, आणि आजोबा दर घासाला खोकत होते. उपाय साधा निघाला : त्यांना ताठ बसवायचे, शिते घोटून पेज एकजीव आणि दाट करायची, लहान चमच्याने भरवायचे आणि एक घोट उतरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. हा उपाय कोणत्याही तज्ज्ञाला सुचला असता. पण पेज पाहिल्याशिवाय पेजेचा प्रश्न पडत नाही.

यावर आमच्या व्यवसायातून आक्षेप येतात, आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा की, रुग्णालयात उपकरणे असतात. हे खरे आहे. काही रुग्णांत खोकल्याची उबळही न येता अन्न श्वासनलिकेत जाते. ते पाहायला क्ष-किरणांखाली गिळण्याचे चलच्चित्र घ्यावे लागते, आणि ते चाळीत घेता येत नाही. तेव्हा रुग्णालय नको, असे मी म्हणतच नाही. माझे म्हणणे इतकेच की, घशाचा फोटो रुग्णालयात निघतो, भाषेचा निघत नाही. दुसरा आक्षेप : प्रत्येक बोलीसाठी वेगळी चाचणी कोठून आणणार? आणू नका. चाचणी सुरू करण्यापूर्वी घरच्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारा : तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात? जे उत्तर येईल ते अपेक्षित उत्तराच्या रकान्यात लिहा. याला ना अनुदान लागते, ना संशोधन-प्रकल्प. अर्धा तास लागतो आणि थोडी नम्रता. तिसरा आक्षेप : मग खरी चूक ओळखायची कशी? बोलीला नियम असतो, आघाताला नसतो. आजोबा घोडो, आंबो, बांगडो एकाच चालीत म्हणतात, तो नियम. तेच आजोबा हात दाखवल्यावर ‘बांगडो’ म्हणतात, ही चूक, आणि तिच्यावर काम केलेच पाहिजे. बोलीचा मान राखणे म्हणजे आजार नाकारणे नव्हे. उलट, बोलीला आजारातून वेगळे काढल्याखेरीज आजार दिसतच नाही.

हा केवळ तज्ज्ञांचा घरगुती वाद नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि त्यात वाचाघाताचा नाव घेऊन उल्लेख केला. कायदा आला की प्रमाणपत्र आले, प्रमाणपत्र आले की टक्केवारी आली, आणि टक्केवारीला मोजमाप लागते. ज्या मोजमापात प्रमाण मराठी न बोलणे हेच अंशतः दिव्यांगत्व ठरते, ते कोणाचे काय मोजते? त्याहून वाईट म्हणजे, त्यावरून उपचारांची दिशा ठरते. ‘घोडो’चा ‘घोडा’ करण्यात महिने घालवले गेले असते. मोठ्या कष्टाने परत आलेला शब्द त्या माणसाच्या तोंडून काढून घेऊन त्याच्या जागी आमचा शब्द बसवला गेला असता, आणि त्याला आम्ही ‘प्रगती’ म्हटले असते.

घर निर्दोष आहे, असेही नाही. आजोबांचा मुलगा मला पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, जमलं तर नीट मराठीच शिकवा.” आजी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आजोबांच्या आधी देत, “तेंका काय होया तां माका कळता,” हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि तीच अडचण होती. ज्याचे सगळे न बोलता कळते, त्याला बोलायचे कारण उरत नाही. त्यांना दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसायला शिकवणे, हे माझ्या तेथील कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी काम ठरले.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे मराठी साहित्यावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लोकांविषयी. बोलींचा प्रश्न आपण केव्हाच निकालात काढला, अशी आपली समजूत आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याने प्रमाणभाषेची मक्तेदारी मोडली, हे आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो. ‘वस्त्रहरण’चे हजारो प्रयोग झाले आणि पुण्या-मुंबईचा प्रेक्षक मालवणीवर पोट धरधरून हसला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा बोलींच्या वैभवावर भाषणे झाली. म्हणजे मालवणीला रंगमंचावर जागा आहे, कादंबरीतल्या संवादात जागा आहे, सत्काराच्या भाषणात जागा आहे. तीच मालवणी खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडून आली की मात्र ती लक्षण ठरते. जिथे बोलीला मान देण्याची काही किंमत मोजावी लागत नाही, तिथेच आपण तो दिला आहे. शाळेच्या वर्गात, पोलीस ठाण्याच्या जबाबात, न्यायालयात आणि रुग्णाच्या कागदावर अजूनही ‘घोडा’च लिहावा लागतो. मराठीच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या किती लेखांत, जिची भाषा खरोखरच एका सकाळी नाहीशी झाली अशा मराठी माणसाचा विचार असतो? मीही या धंद्यात नसते, तर केला नसता.

आजोबांची गोष्ट सुफळ संपूर्ण नाही. आठ महिन्यांत त्यांच्याकडे चाळीसेक शब्द जमले आणि दोन-तीन शब्दांची वाक्ये. त्यांतले बहुतेक शब्द माझ्या पिशवीतले नव्हते. ते खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींचे होते, जेवणातले होते, गिरणीतले होते, आणि दोन तर मी कोणत्याही नोंदवहीत लिहू शकणार नाही अशा शिव्या होत्या, ज्या त्यांनी क्रिकेटचा सामना पाहताना अत्यंत समर्पक जागी दिल्या. अहवालात दुरुस्ती करावी, असे सविस्तर पत्र मी रुग्णालयाला दोनदा पाठवले. उत्तर आलेले नाही. त्यांच्या कागदांवर आजोबांचा ‘घोडो’ अजूनही चूकच आहे.