किल्ल्यावरचे गणित

लहान मुलांना गणित नावडते, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की तिचे कोणास काही वाटेनासे झाले आहे. आमच्या मते नावड गणिताची नसते. फळ्यावरचे आकडे कशाचे आहेत हे न कळल्याची असते. म्हणून तिसरी-चौथीच्या मुलांचे काही तास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढणीवर घ्यावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

या चढणीवर, गणेश दरवाजा मागे टाकून लक्ष्मण दरवाजाकडे जाताना, खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. तेथील इ. स. 876 च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे : लांबी 270 हात, रुंदी 187 हात, शिवाय देवाला रोज 50 माळा. या 270 मधले आणि 50 मधले शून्य आपल्या वहीतल्यासारखेच वाटोळे आहे. ज्या शून्यापाशी मुले हातचा घेताना अडखळतात, ते त्यांच्याच गावच्या डोंगरावर सुमारे साडेअकराशे वर्षे बसून आहे!

वाटेवरचा कठडा मुलांनी आपापल्या हाताने मोजावा. एकाचे वीस हात भरतील, दुसरीचे बावीस, भांडण जुंपेल. ते जुंपू द्यावे. मग विचारावे, की शिलालेखात राजमान्य हाताचे माप का बरे सांगितले असेल? उत्तर मुलेच देतील. पुढे महिन्याच्या माळा किती, हे तोंडी. आणि दीड फुटाचा हात धरला तर बाग अडीच एकरांहून थोडी मोठी भरते, हे मोठ्या मुलांनी वहीत करावे.

मागे एकदा आम्ही चढण संपण्यापूर्वीच क्षेत्रफळाचे सूत्र सांगू लागलो, तेव्हा निम्मा वर्ग माकडांकडे पाहत होता. दोष माकडांचा नव्हता.

परीक्षा तोंडावर असता ही भटकंती कशाला, असे काही पालक विचारतात. त्यांची काळजी आम्ही जाणतो. पाढे घरी बसूनच पाठ करावे लागतात. किल्ला ते काम करीत नाही. परंतु पाढे पाठ असूनही 'गुणावे की भागावे?' असे विचारणारा मुलगा आम्ही दरवर्षी पाहतो, आणि त्याच्यासाठी वर्गात आमच्याजवळ उपाय उरलेला नसतो.

सामान फारसे नको : दर हाताला गाठ मारलेली दोरी, खडू, पाण्याची बाटली. हिवाळ्यातल्या सकाळी निघावे, ऊन चढण्यापूर्वी परतावे. प्रत्येक दहा मुलांमागे एक वडील माणूस मात्र हवे. तेवढी सोबत पालकांनी करावी, एवढेच आमचे मागणे आहे.