बटण दाबलं की झालं?

आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांची एक खोड आहे. एखादं यंत्र चाललं नाही की आधी रिस्टार्ट, मग सॉफ्टवेअर नव्याने टाका, आणि तरीही नाही जमलं तर 'पार्टच खराब आहे' म्हणून मोकळे! टेलिस्कोपच्या ऑटोफोकसबाबतही हेच चाललेलं बघतो, म्हणून हा लेखप्रपंच.

मी सरावलीचा. शेजारी बोईसर आणि तारापूर एमआयडीसी, त्यामुळे आकाशात कायम उजेड. पश्चिमेला समुद्र, त्यामुळे हवा दमट. पावसाळ्याचे चार महिने तर विसरायचेच. उरलेल्या दिवसांत अमावास्येच्या आसपासच्या स्वच्छ रात्री बोटांवर मोजाव्या लागतात. त्यातली एक मोटरशी भांडण्यात गेली, की थांबा पुढच्या अमावास्येपर्यंत!

ऑटोफोकस करतो तरी काय? मोटर फोकसरला थोडं थोडं सरकवते, प्रत्येक जागी कॅमेरा फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार मोजतं. आलेख इंग्रजी 'व्ही'सारखा येतो. त्याचा तळ म्हणजे फोकस. बस्स! यात जादू काही नाही. म्हणजे 'व्ही' बिघडला, तर तो का बिघडला हे आलेखच सांगतो. पण तो वाचायचा कोणी?

सुरुवातीला आकार बदलतच नाही, रेषा सपाट येते? तो बॅकलॅश. मोटर फिरते, पण गिअरच्या दातांमधली फट भरेपर्यंत फोकसर हलत नाही. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथची क्रॉस स्लाईड फिरवताना आपण हेच शिकलो ना? उपायही तोच. थोडं पुढे जाऊन दरवेळी एकाच दिशेने यायचं. मोटर गुरगुरते आणि आकार शेवटपर्यंत तसाच? कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा. आलेख सगळा वेडावाकडा? एक्स्पोजर फार कमी असेल, मग हवेच्या थरथरीने तारा नाचतो. दोन-चार सेकंद द्या. सगळं नीट असून ठिपके फुगतच चाललेत? टॉर्च घेऊन काच बघा, दव असेल. आमच्याकडे तर हे नेहमीचंच. सॉफ्टवेअर बिचारं दव पडलेल्या काचेतून फोकस शोधत हिंडतं.

काही जण म्हणतील, मग ऑटोफोकस हवाच कशाला? हवा, नक्कीच हवा. १५० मिमी आरशाचा, ७५० मिमी फोकल लेंग्थचा एफ/५ न्यूटोनियन घ्या. अॅल्युमिनिअमची नळी पाच अंशांनी थंड झाली की साधारण ८६ मायक्रॉनने आखडते. फोकसची चालण्याजोगी जागा मात्र जेमतेम ६० मायक्रॉन! म्हणजे संध्याकाळचा फोकस मध्यरात्री कामाचा नाही. दर तासाला उठून हाताने कोण फिरवणार?

माझं म्हणणं एवढंच, की यंत्रावर विश्वास ठेवा, पण दुसऱ्या पद्धतीने तपासून. २००५ साली रशियाच्या पावेल बाख्तिनोव्ह यांनी सुचवलेला खाचांचा मुखवटा पुठ्ठ्यातून कापूनही बनतो. तो दुर्बिणीच्या तोंडाला लावला की ताऱ्याभोवती रेघा दिसतात. मधली रेघ बरोब्बर मध्ये आली की फोकस झाला. पाच मिनिटांत कळतं की दोष मोटरचा, सेटिंगचा की काचेचा.

हे फक्त गच्चीवरच्या हौशी लोकांचं दुखणं नाही बरं का! १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि फोटो धूसर आले. आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. कारण? तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. गंमत म्हणजे दुसऱ्या साध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, पण 'आपलं भारी उपकरण चुकणार कसं' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. दुरुस्तीला डिसेंबर १९९३ उजाडला, तेही अंतराळवीर पाठवून.

तेव्हा मित्रहो, नवीन मोटरसाठी वर्गणी काढण्याआधी एक वही आणा. तापमान, पावलांचा आकडा, काय बदललं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि क्लबात येणाऱ्या ज्युनिअरला आधी हाताने फोकस करू द्या, मग लॅपटॉप द्या. ज्याला चांगला फोकस कसा दिसतो हेच माहीत नाही, त्याला ऑटोफोकस चुकतोय हे कळणार तरी कसं?