खोली आहे, पण कुणासाठी?

हॉटेल चांगलं की वाईट, हे ठरवायची प्रत्येकाची आपली पद्धत असते. कुणी आधी संडास बघतो, कुणी उशीचा अभ्रा उलटून पाहतो, कुणी गरम पाणी किती वाजता येतं ते विचारतो. औषध कंपनीच्या नोकरीत मी ३१ वर्षं पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक फिरलो. महिन्यातले बारा-पंधरा दिवस मुक्काम बाहेर. एस.टी. स्टँडसमोरच्या लॉजपासून धर्मशाळेपर्यंत सगळीकडे झोपलो. ढेकूण, डास, गळकी बादली यांचं आता काही वाटत नाही. मी एवढंच बघतो की आत घेण्याआधी माणसाला काय विचारतात, आणि कशासाठी विचारतात.

नोकरीला लागलो तेव्हा लॉजवर ओळखपत्र कुणी मागत नसे. एक लांबलचक रजिस्टर असे. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं स्वरूप, सही. मॅनेजर ते रजिस्टर उलटं फिरवून आपल्याकडे सरकवायचा आणि चावी द्यायचा. नाव आपण लिहीपर्यंत चावी हातात आलेली असायची. पुढे दहशतवादी हल्ले झाले, पोलिसांची सक्ती वाढली, आणि ओळखपत्राची झेरॉक्स आली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कोण कुठे उतरलं याची नोंद पोलिसांकडे असायलाच हवी. पण चावी आणि नाव यांचा क्रम तेव्हापासून उलटा झाला. आता आधी नाव, मग चावी. आणि या दोन्हींच्या मधे मॅनेजरला विचार करायला वेळ मिळू लागला.

माझं आडनाव इनामदार. हे आडनाव आपल्याकडे हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही, जसं पाटील आहे, देशमुख आहे. त्यामुळे फोनवर माझं कधी अडत नाही. ‘या साहेब, खोली आहे.’ काउंटरवर आधारकार्ड ठेवलं की मॅनेजर पूर्ण नाव वाचतो. दहातले आठ मॅनेजर वाचतात आणि झेरॉक्स काढायला पोऱ्याला देतात. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळेच दार लावतात असं म्हणणं खोटं ठरेल. पण उरलेले दोन एकदा कार्डाकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि मग आत जाऊन येतात. ‘साहेब, आत्ताच पार्टीचं बुकिंग झालं.’ एका जिल्ह्याच्या गावी मी मोबाईलवरून आगाऊ पैसे भरून गेलो होतो. तिथे ‘सिस्टीममध्ये चूक झाली’ असं सांगितलं. पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. त्या रात्री साडेअकरा वाजता मी बॅग घेऊन दुसरी जागा शोधत फिरलो, ती रात्र परत मिळाली नाही. भांडण कुणाशी करणार? ‘तुम्ही मुसलमान आहात म्हणून’ असं तोंडाने कुणीच म्हणत नाही. म्हणत नाही म्हणून सिद्धही करता येत नाही.

ही फक्त मुसलमानांची गोष्ट नाही. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी एकटीच पुण्याबाहेरच्या एका केंद्रावर गेली, तेव्हा दोन लॉजवाल्यांनी तिला ‘एकट्या लेडीजना देत नाही’ असं सांगितलं. तिसऱ्याने वडिलांना फोन लावायला सांगितला. तिच्या वर्गातल्या हिंदू मैत्रिणीलाही तेच उत्तर मिळालं होतं. कुणाला जातीवरून, कुणाला धर्मावरून, कुणाला बाई आहे म्हणून. प्रश्नांची यादी वाढतच जाते.

या यादीचं टोक बघायचं असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं आत्मकथन वाचावं. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीसाठी गेला आणि त्याला राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. शहरातल्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडेही त्यांना जागा मिळाली नाही. त्याच लेखनात १९३४ सालचा दौलताबाद किल्ल्याचा प्रसंग आहे. प्रवासाने धुळकटलेल्या बाबासाहेबांच्या मंडळींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून मुसलमानांनी त्यांच्यावर आरडाओरडा केला. रमजानचा महिना होता. बडोद्याचा प्रसंग आपण हिरिरीने सांगतो, दौलताबादचा सांगताना आवाज खाली जातो. दोन्ही एकाच आवाजात सांगता आले पाहिजेत.

राज्यघटनेने यावर उत्तर दिलेलं आहे. कलम १५ च्या दुसऱ्या भागात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला तिथे अटकाव करता येणार नाही. ‘माझं हॉटेल, माझी मर्जी’ हे म्हणणं तिथेच संपायला हवं होतं.

आता आपल्याकडे वळतो. मुसाफिरखाना हा आपला जुना शब्द. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातले मुसाफिरखाने एके काळी हाजींनी भरलेले असत. जहाज कधी सुटेल याची वाट बघत खेड्यापाड्यांतली माणसं ट्रंका, वळकट्या, स्टोव्ह घेऊन तिथे पडून राहायची. १९९५ नंतर जहाजाचा प्रवास बंद झाला, हाजी विमानाने जाऊ लागले. इतर शहरांतही दर्ग्यांच्या, मशिदींच्या, जमातींच्या खोल्या आहेत. मी अशा कितीतरी ठिकाणी राहिलो. स्वस्त, साध्या, बहुतेक स्वच्छ. सलाम केला की चावी. तेव्हा बरं वाटायचं. पण ती चावी ज्याला मिळत नाही, त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोचं मोठं ऑपरेशन होतं. शहर अनोळखी, लॉज परवडण्यासारखे नव्हते. दवाखान्यापासून पाच मिनिटांवर आपल्या लोकांची एक जागा होती, मी तिथे आधी राहिलेलो होतो. त्याला घेऊन गेलो. व्यवस्थापकांनी मला बसवलं, चहा दिला, आणि हळूच म्हणाले, ‘आप रुकिये, आपका घर है. इनका नहीं हो सकता, ट्रस्टका उसूल है.’ अर्ध्या खोल्या रिकाम्या होत्या, समोर फळीवर चाव्या लटकत होत्या. माझा सहकारी समजूतदार. ‘राहू दे इनामदार, नियम म्हणजे नियम’ असं तोच मला म्हणाला. पुढच्या सहा रात्री त्याने दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या. पहिल्या रात्री मीही तिथेच होतो. तो निर्मळ मनाने झोपला, मला झोप आली नाही. लॉजवरचा मॅनेजर मला ‘पार्टीचं बुकिंग’ सांगतो तेव्हा मला राग येतो. इथे तर कारण लपवायचीही गरज कुणाला वाटली नाही.

दुसरा अनुभव याच्या उलट. मावसभावाच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी मी मुंबईत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या देशभरातल्या रुग्णांचा तो आधार आहे. तिथे महत्त्वाचा कागद एकच, दवाखान्याचा. कुठला आजार, कुठले डॉक्टर, किती दिवस. एका बाजूला बंगालचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला विदर्भातलं. रात्री कुणाचा रुग्ण कण्हायला लागला की शेजारचा उठून पाणी द्यायचा. गाडगेबाबांनी गावोगावी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची त्यांची चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणकार्याला देऊन टाकली. ज्याला कुठेच दार उघडत नाही त्याच्यासाठी दार, हा त्यांचा साधा हिशेब.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहिलो. ओळखपत्र बघितलं, माणसं किती ते विचारलं. दरबारात जाताना डोकं झाका, एवढीच अट. माझ्या खिशात टोपी होतीच. रेल्वेच्या रिटायरिंग रूममध्ये तर पीएनआर नंबर असला की झालं. केस पेपर, तिकीट, माणसांची संख्या: हे सगळे कामाचे प्रश्न आहेत, मुक्कामाशी त्यांचा संबंध आहे.

हे आपल्याला परकं आहे का? मी मिरजेत वाढलो. मिरज दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून रुग्ण येणार. आमच्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या अम्मी त्यांच्या नातेवाइकांना द्यायची. बरीचशी लिंगायत कुटुंबं, आमच्या घरचं न खाणारी. अम्मीने त्यांच्यासाठी वेगळा स्टोव्ह आणि तांब्याची घागर ठेवली होती. ‘बीमार के साथ आए सो लोगां हैं, उनो कैसे भी जेवू दे,’ एवढंच तिचं म्हणणं. तिने त्यांचा सोवळ्याचा हट्ट मोडला नाही आणि त्यांनी तिच्या नमाजाला नाक मुरडलं नाही. त्यासाठी कुणी परिषद भरवली नव्हती.

कुराणात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिर आहे. घरी जमीनजुमला असला तरी वाटेत अडकलेला माणूस त्या घडीला गरजू ठरतो. म्हणजे मुसाफिर ही अवस्था आहे, जी उद्या कुणावरही येईल. जकात कुणाला द्यायची याचे उलेमांचे नियम आहेत, ते मी बाजूला ठेवतो. पण मुसाफिरखान्याच्या रिकाम्या खोलीला जकातीचा नियम लागत नाही. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादची पाणचक्की बघायला सगळे जातात. ती ज्यांच्या दर्ग्यात आहे त्यांचं नावच बाबा शाह मुसाफिर. त्या चक्कीवर फकिरांच्या आणि गरजूंच्या अन्नासाठी पीठ दळलं जायचं. आपण तिथे फोटो काढतो आणि घरी येतो.

म्हणून आपल्या विश्वस्त मंडळींना माझं सांगणं आहे. दवाखान्याजवळच्या आपल्या प्रत्येक मुसाफिरखान्यात, जमातखान्यात काही खोल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवा आणि तिथे केस पेपरशिवाय काही विचारू नका. परीक्षेच्या दिवसांत मुलींसाठी एक मजला द्या, तिथे हॉल तिकीट पुरे. आत मांस-दारू नको, डोकं झाका, दहाला दार बंद, असे नियम खुशाल ठेवा. ते सगळ्यांना सारखे असतील तर कुणाची हरकत नसते. ट्रस्टच्या घटनेत ‘फक्त आपल्यांसाठी’ असं लिहिलं असेल, तर कायद्याने ते कसं बदलता येईल ते वकिलाला विचारा.

लॉजवाल्यांकडून घटनेचं कलम पाळून घ्यायचं असेल तर भांडावं लागेल, आणि ते मी भांडेन. पण आपल्या फळीवरच्या चाव्या आपल्याच हातात आहेत. त्या द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.