बेवड सांभाळा, हरभरा वाचवा



सोयाबीनची रास झाली, की लगेच हरभरा पेरण्याची घाई सुरू होते. मराठवाड्यात आणि विदर्भात कित्येक गावांचा हा आता शिरस्ताच झाला आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फेरपालट करता का, असे विचारले तर उत्तर मिळते, "करतो की साहेब! सोयाबीनवर हरभरा घेतो. दोन्ही द्विदल, जमीन सुधारतेच."

या उत्तरातले अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी पुष्कळांचा हरभरा उभ्याउभ्या वाळतो. म्हणून तिफण जुंपण्याआधी बेवडाचा विचार करू या.

आधी खरा भाग. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींत जिवाणू राहतात. पीक त्यांना साखर पुरवते आणि ते हवेतला नत्र पिकाला देतात. १८८६ साली हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. आपल्या वाडवडिलांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण हरभऱ्याचा बेवड ज्वारीला मानवतो हे पक्के ठाऊक होते.

मात्र सोयाबीनने मिळवलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांतून बाजारात जातो. जमिनीला उरतो तो गळालेला पाला, मुळे आणि गाठी. भुसाही बांधावर पेटवला, तर जमिनीच्या वाट्याला फारच थोडे येते.

आता दुसरा भाग. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. बुरश्या असतात त्या वेगळ्याच. मुळांतून पाझरणाऱ्या रसावर आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर त्यांचा चरितार्थ चालतो. प्रत्येक पिकाचा रस वेगळा, म्हणून त्यावर पोसणारी मंडळीही वेगळी. दरवर्षी एकच पंगत मांडली, तर तेच ते पाहुणे माजतात. त्यांत मित्र असतात तसे शत्रूही असतात.

हरभऱ्याचा मर रोग आणणारी फ्युजारियम बुरशी ही अशीच शत्रू. हरभरा शेतात नसला, तरी ती मातीत ६ वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. दरवर्षी हरभरा पेरणे म्हणजे तिला दरवर्षी जेवण वाढणे. मध्ये सोयाबीन घेतले म्हणून ती उपाशी मरत नाही. काही महिन्यांत हरभरा पुन्हा हजर! तूर, मसूर आणि वाटाणा यांच्या मुळांत तर ही बुरशी रोगाचे चिन्ह न दाखवता दडून राहते. मानकूज करणारी बुरशी सोयाबीन आणि हरभरा या दोन्हींवर जगते. तेव्हा पिकाचे नाव बदलले म्हणजे फेरपालट झाली असे समजू नका. पिकाचे कूळ बदलले पाहिजे.

ते कूळ म्हणजे ज्वारी, गहू यांसारखी तृणधान्ये, नाहीतर करडई. त्यांच्यावर हरभऱ्याची मर बुरशी पोसत नाही. ज्वारीची तंतुमुळे मातीची ढेकळे धरून ठेवतात आणि तिची धसकटे कुजून जमिनीत सेंद्रिय माल वाढतो. करडईचे सोटमूळ खोलवर जाऊन खालची ओल वापरते. आपले वडीलधारे ज्वारीत तुरीच्या ओळी टाकत. तुरीचा मर निराळ्या बुरशीमुळे होतो. पण ज्वारीच्या सोबतीने तोही कमी होतो, हे पटांचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांतही दिसले आहे.

एक खुलासा करतो. फेरपालट हा रामबाण नव्हे. हरभऱ्याची कोरडी मूळकूज करणारी बुरशी ज्वारीवरही येते आणि तिथे खडखड्या आणते. म्हणून आपल्या शेतात रोग कोणता, हे आधी ओळखा. झाड हिरवे असतानाच माना टाकते आणि खोड उभे चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेघ दिसते, तो मर. झाड वाळून पेंढ्यासारखे होते, उपटताना मूळ कडकन मोडते आणि त्याला बारीक मुळ्या राहिलेल्या नसतात, ती कोरडी मूळकूज. मूळकुजीच्या जमिनीत शेणखत वाढवा आणि पिकाला फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नका.

तुम्ही म्हणाल, हरभऱ्याला रोख पैसा आहे, ज्वारीच्या काढणीला माणूस मिळत नाही. खरे आहे. म्हणून सगळा हरभरा सोडा, असे मी सांगत नाही. शेताचे तीन तुकडे करा. पहिल्यात सोयाबीननंतर हरभरा घ्या. दुसऱ्यात सोयाबीननंतर करडई, नाहीतर पाणी असल्यास गहू. तिसऱ्यात मूग किंवा उडीद लवकर काढून रब्बी ज्वारी. पुढच्या वर्षी तुकडे फिरवा. म्हणजे हरभरा दरवर्षी घरात येईल, पण एका तुकड्यावर त्याची पाळी चौथ्या वर्षी लागेल. शिवाय घरची भाकरी आणि गुरांचा कडबा विकत आणावा लागणार नाही. कोणत्या तुकड्यात कोणत्या वर्षी काय पेरले, हे वहीत लिहून ठेवा.

ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून घ्यावी. ओलिताची करडई ऑक्टोबरअखेरपर्यंत आणि गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चालतो. ज्वारीनंतर लगेच दुसरे पीक घेतले तर ते सुरुवातीला पिवळे पडते. धसकटे कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र आधी स्वतःला घेतात, हे त्याचे कारण. अशा वेळी नत्राचा हप्ता चुकवू नका. मध्ये उन्हाळा गेला, तर ही अडचण बरीच कमी होते.

हरभऱ्याच्या तुकड्यात विजय, दिग्विजय किंवा जाकी ९२१८ असे मर रोगाला दाद न देणारे वाण घ्या. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. नंतर हरभऱ्याचेच रायझोबियम लावा. सोयाबीनचे उरलेले पाकीट इथे चालणार नाही, कारण दोघांचे जिवाणू वेगळे आहेत. साधारण २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. बी सावलीत सुकवून लगेच पेरा.

पेरणीनंतर सहाव्या आठवड्यात घरातल्या मुलांना घेऊन शेतात जा. चार-पाच झाडे उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी लाल दिसली, तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ नत्र देत नाही. अशा गाठीच जास्त निघाल्या, तर वहीत तशी नोंद करा आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला दाखवा.

यंदा निदान एका तुकड्याचे कूळ बदलून पाहा.