पाटीवरचे दुसरे नाव

परदेशी विद्यार्थ्यांचा विषय निघाला म्हणजे आपली विद्यापीठे वसतिगृहातील खोल्या मोजतात आणि स्नेहसंमेलनात त्यांचे एखादे नृत्य ठेवून मोकळी होतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात उद्या इथिओपिया व एरिट्रिया येथील विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक मंडळ काढावयाचे झाल्यास एवढ्याने भागणार नाही. कचेरीच्या सोयीसाठी त्याला नुसते ‘इथिओपियन मंडळ’ म्हणण्याचा मोह होईल. तो टाळलाच पाहिजे.

१९५२ साली एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्याच्या नात्याने जोडला गेला. १९६२ साली सम्राट हैले सेलासी यांनी ते नाते मोडून त्याला आपला एक प्रांत करून टाकले. १९६१ ते १९९१ अशी तीस वर्षे सशस्त्र लढा चालला. १९९३ च्या सार्वमताने स्वातंत्र्य आले, तरी १९९८ ते २००० या काळात सीमेवरून उभय देशांत पुन्हा युद्ध पेटले. अशा देशातून आलेल्या मुलाला पाटीवर आपल्या देशाचे नाव न दिसणे ही क्षुल्लक बाब नव्हे. नावाचे मोल मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको. १९७८ साली विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला तेव्हा दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. परभणी जिल्ह्यानेही ती धग पाहिली. नामविस्तार व्हावयास १९९४ साल उजाडावे लागले.

मग दोन मंडळेच का नकोत? विद्यार्थ्यांनी तशी मागणी केली तर अवश्य द्यावीत. परंतु अम्हारिक आणि तिग्रिन्या या भाषा एकाच गीझ लिपीत लिहिल्या जातात, दोन्हीकडे इंजेरा खातात, पाहुण्याला एका बैठकीत तीनदा कॉफी पाजतात. घरापासून इतक्या दूर आल्यावर हे साम्य त्यांना आपोआप जवळ आणील. एकत्र यावयाचे की नाही हे मात्र त्यांनी ठरवावे, कुलसचिवांनी नव्हे.

१६१० साली खडकी वसविणाऱ्या हबशी मलिक अंबराची आठवण उद्घाटनाच्या भाषणांत निघेलच. आमच्या मते त्याहून जवळचे नाते शेतातले आहे. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची, आणि आपल्या चटणीतले कारळे इथिओपियाचे. ज्या विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण दिले, त्याने या मुलांना व्यासपीठाच्या आधी एक खोली आणि चूल द्यावी. इंजेरा टेफ या बारीक धान्याचा करतात, तसाच तो ज्वारीच्या पिठाचाही होतो. पीठ येथे कोणत्याही गिरणीत मिळेल.