एक मेची रात्र कुठे गेली?

आमच्या ऑफिसच्या गेटवर रात्रपाळीला एक काका असतात. डेडलाइनच्या दिवसांत मी मध्यरात्री बाहेर पडले की रिक्षा मिळेपर्यंत सोबत उभे राहणारे. मे महिन्याची पगाराची स्लिप हातात पडली, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "मॅडम, एक मेची रात्र तुमच्या कम्प्युटरने खाल्ली का हो?"

आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी ड्युटी केली की डबल पगार. काकांची पाळी रात्री बारा ते सकाळी आठ. महाराष्ट्र दिन सुरू होऊन पाच मिनिटं झाली, तेव्हा त्यांनी कार्ड पंच केलं होतं. दोन तारखेला रजा. सिस्टिम मात्र म्हणत होती: 30 एप्रिल हजर, 1 मे गैरहजर!

हजेरीचं सॉफ्टवेअर माझ्याच टीमचं. म्हणजे पापही आमचंच.

झालं असं, की आमचा पोस्टग्रेस डेटाबेस ज्या सर्व्हरवर आहे, त्याचं घड्याळ युटीसीवर. इन्स्टॉल होताना डेटाबेसने तेच डिफॉल्ट उचललं आणि कोणी बघितलंच नाही. युटीसी आपल्या साडेपाच तास मागे. काकांचे 12 वाजून 5 मिनिटं तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे 6 वाजून 35 मिनिटं. दिवसा काम करणाऱ्यांची तारीख बदलत नाही, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच, एवढीच माणसं सापडली.

नशीब, कॉलम 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' प्रकारचा होता. त्यात क्षण युटीसीत साठवतात, दाखवताना सेशनच्या झोनमध्ये बदलतात. त्यामुळे जुना डेटा शाबूत होता. 'अल्टर डेटाबेस'ने टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केला, आणि तरीही रिपोर्ट जसाच्या तसा! डोकं खाजवल्यावर आठवलं, हे सेटिंग फक्त नव्या सेशनना लागू होतं. जुनी कनेक्शन्स बंद करून उघडली, तेव्हा 1 मे जागेवर आला.

एक टिप फुकट: वेळेपुढे नुसतं 'आयएसटी' लिहू नका. सेटिंग युटीसीवर असेल तर पोस्टग्रेस त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा लावतो. हसू नका, आपल्या मुंबईनेही 1955 पर्यंत स्वतःचं वेगळं घड्याळ चालवलं होतं, भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे.

पगाराचा हिशोब पुन्हा चालवला, तेव्हा काकांबरोबर रात्रपाळीची आणखी चार नावं निघाली. त्यांनी विचारलंच नव्हतं. "कम्प्युटर चुकत नाही," असं वाटलं म्हणे.

फरक पुढच्या पगारात सगळ्यांना मिळाला. परवा रात्री निघताना काकांनी मनगट पुढे केलं. "मॅडम, माझ्या घड्याळात पावणेबारा. तुमच्या कम्प्युटरात?"

मी परत वर जाऊन बघून आले.